सांगून जायचं

खारशेत, ता. श्रीवर्धन
९ फेब्रुवारी

आयु. तेजस्वी वहिनीस,
सप्रेम जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. टपाल ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पत्र फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील, एवढी मी तुला ओळखते. दादाला मध्ये घालून बघितलं. 'तिला थोडा वेळ दे,' म्हणाला. घरातल्या कुठल्याही भांडणात दादाला विचारा, तो हेच सांगतो आणि ड्यूटीवर निघून जातो.

जानेवारीत तुम्ही आलात, तू हात पुढे केलेस आणि सम्यक माझ्या मागे लपला. तुझं तोंड एवढंसं झालं. मी गप्प बसायचं सोडून सगळ्यांच्या देखत 'हे अपेक्षितच होतं' असं म्हणाले. वाक्य पुस्तकातलं होतं आणि पुस्तकात ते ठीकच दिसतं. तू म्हणालीस, "माझं पोर म्हणजे तुझा प्रोजेक्ट न्हाय." झालं. तुझं बरोबर होतं, माझी वेळ चुकली. आता त्यावर आणखी रडगाणं नको, कारण मुद्दा तो नाहीच.

मुद्दा जूनचा आहे. जूनमध्ये त्याला तुमच्याकडे न्यायचं, भरूचला शाळेत घालायचं, हे ठरलेलं आहे. आणि तुला धास्ती आहे की तो येणारच नाही, किंवा येईल आणि मनाने इथेच राहील. तू मला हे बोलली नाहीस. पण गाडीत बसताना तू त्याच्याकडे बघायचं टाळलंस, छकुलीचं टोपरंच नीट करत राहिलीस, ते मी बघितलं.

एक आधी सांगून टाकते. छकुलीच्या वेळी डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठू नको म्हणून बजावलं होतं, दादाच्या पाळ्या बदलत्या, हाताशी ना तुझी आई ना आमची. अडीच वर्षांच्या पोराला इथे आजीआबांकडे आणून ठेवलंत, त्यात काही चूक नव्हती. आपल्या वाडीत घराआड एक मूल असंच वाढतंय. आईबाप मुंबईला नाहीतर कुठल्यातरी कंपनीत, आणि पोरं आजीच्या पदराला. मी मानव विकास विषय घेतला तेव्हा आबा सगळ्यांना सांगत सुटले होते, "पोरगी कॉलेजात पोरं सांभाळायला शिकतेय." आता प्रात्यक्षिकासाठी मला गावातच राहून अंगणवाडीत आणि किशोरींच्या गटात काम करायचंय, तर त्यांना वाटतं मी कॉलेज सोडून आले. मनुबाई आत्याला त्यांनी तसं सांगितलंसुद्धा.

तर आता काम. व्हिडिओ कॉलवर सम्यकला 'ओळख बघू मी कोण?' असं विचारू नकोस. आपल्याकडे सगळेच विचारतात. तू विचारतेस, दादा विचारतो, मागून तुमच्या शेजारच्या बाई येऊन विचारतात. पोराची रोजची तोंडी परीक्षा. मग फोन वाजला की तो मागच्या पडवीत पळतो आणि तुला वाटतं तो तुझ्यापासून पळतोय. त्याऐवजी फोन ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेव आणि आपलं काम कर. भाजी चीर, छकुलीला भरव. त्याला हाक मारू नकोस. इकडे मी आईचा फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवीन. तो येता-जाता बघेल, नाहीतर नाही बघणार. लहान पोरं एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळता खेळता ओळख करून घेतात, तोंडासमोर उभं राहून घेत नाहीत.

माझ्यावर राग धरायचा तर खुशाल धर. फोन तेवढा ओट्यावर ठेव. मी समोर येणार नाही.

तुझी नणंद,
मैत्री


२ मार्च

वहिनी, जय भीम.

पत्राला उत्तर आलं नाही, पण फोन ओट्यावर आला. मला तेवढं पुरे.

सुरुवातीला तो फळीकडे बघतही नव्हता. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या स्वयंपाकघरात वाजायच्या आणि आई दरवेळी दचकून चुलीकडे बघायची. मग परवा तू कोळंबी सोलत होतीस. तो पाणी प्यायला आला आणि तांब्या हातात धरून तिथेच उभा राहिला. बराच वेळ बघितल्यावर मला म्हणाला, "मै, ती कोलंबीची डोकी टाकते. आजी टाकीत न्हाय."

आईने चुलीपुढूनच टोला हाणला, "टाकू दे गो बाय, तिकडं मासळी सवंग असंल."

तू हसलीस. तोंडावर हात ठेवून हसलीस, पण मी फळीखालीच बसले होते, मला ऐकू आलं. आणि तू हसलीस तेव्हा तो तुझ्याकडे बघत होता. काल त्याने स्वतः मला विचारलं, "आज ती काय करनार?" नाव घेतलं नाही, पण कोण ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी बरी आहे. कामात फजिती चालू आहे. अंगणवाडीतल्या मुलांची वाढ तपासायला आम्हाला प्रश्न दिलेत. मूल आधार न घेता जिना चढतं का, असा त्यात एक. आपल्या वाडीतल्या एकाही घराला जिना नाही. मी आयांना विचारत गेले, त्या 'न्हाय, न्हाय' म्हणत गेल्या आणि मी लिहीत गेले. घरी येऊन बघते तर माझ्या हिशेबाने अख्खी वाडीच पायांनी मागे पडलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समाजमंदिराच्या पायऱ्यांवर नेलं. एकेक जण असा चढला की वरून खाली हाकलताना माझाच पाय मुरगळला. आमच्या मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे प्रबंधात लिही. माझी फजिती आता माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आहे.

एक तक्रार मात्र तुझ्या कानावर घालते. आईचं म्हणणं असं की तुझं पोरगं चोरटं निघालं. पाहुण्यांच्या चपला पळवतं. मनुबाई आत्या नातीच्या लग्नाचं बोलवायला आली होती. निघताना तिची एक चप्पल मिळेना. सगळं घर शोधलं. शेवटी ती तांदळाच्या पिंपात सापडली, तांदळात खोल खुपसलेली. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. तो कधीच रडत नाही, म्हणून वाडीत सगळे त्याला गुणी म्हणतात. मला ते काही बरं वाटत नाही, पण का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

छकुलीला पापा.

मैत्री


२३ मार्च

वहिनी,

आज जय भीम घाईत घे, कारण मला जे कळलंय ते मी सकाळपासून पोटात धरून बसलेय.

रविवारी आमचा किशोरींचा गट भरतो. मी मध्ये एक स्टीलचा डबा ठेवते, मुली चिठ्ठीवर आपला प्रश्न लिहून त्यात टाकतात. नाव लिहायचं नाही. पाळीचे प्रश्न येतात, अभ्यासाचे येतात, 'मुलगा बोलला तर उत्तर द्यावं का' हा तर दरवेळी येतो. यावेळी त्यावर आम्ही हसत होतो, गट संपला, सगळ्या गेल्या आणि एक मुलगी चटया गुंडाळायच्या निमित्ताने मागे राहिली. दहावीत आहे. नंतर विचारलं तेव्हा तिने तुला सांगायची परवानगी दिलीय, नाव सांगायची नाही, म्हणून नाव सांगत नाही. तिचे आईबाप मुंबईला, ती लहानपणापासून इथे आजीकडे. म्हणाली, "ताई, आई गावी आली की मी दुपारची झोपत न्हाय. अजून न्हाय. ल्हान असताना मी दुपारची झोपून उठले आणि ती गेलेली व्हती. आता मला कळतंय ती रातच्या गाडीनं जानार. तरी झोप येत न्हाय."

एवढं सांगून तिने चटया कपाटात ठेवल्या आणि गेली.

मी घरी येताना वाटेत थांबलेच. वहिनी, सम्यक चपला चोरत नाही. जो निघणार आहे असं त्याला वाटतं त्याला तो थांबवतो. मनुबाई आत्या त्याला आवडते, ती गोष्टी सांगते. तिची चप्पल गेली. विजेचं बिल द्यायला येणाऱ्या माणसाची कधी गेली नाही. मास्तरांची गेली नाही. मी सकाळी अंगणवाडीत जायला निघते तेव्हा माझ्या सँडल रोज माळ्यावर, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यात असतात आणि मला वाटत होतं कुत्रा नेतो.

आठव बघ. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आला होता. निघायच्या दिवशी आबा त्याला दिघीला जेट्टीवर घेऊन गेले, आगरदांड्याहून येणारी फेरीबोट दाखवायला. तो बोटीत गाड्या कशा चढतात ते बघत होता आणि इकडे तुम्ही एसटीत बसलात. तो उड्या मारत घरी आला, तुम्हाला बोटीचं सांगायला. सगळ्या खोल्यांतून फिरला. मग पायरीवर बसला. तेव्हापासून पाहुणे घरात असले की तो अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही, आणि तेव्हापासून कोणी गेलं तरी रडत नाही.

यात तुझा एकटीचा दोष नाही. अख्खी वाडी असंच निघते. 'पोर खेळात हाय तवर निघा' हे आपल्याकडे मायेनेच म्हणतात. पोराचं रडणं कोणाला बघवत नाही. पण त्यामुळे होतं काय, की माणूस कधी नाहीसं होईल याचा पोराला नेम राहत नाही. मग ते चोवीस तास राखण करत बसतं.

तू जयंतीला येणार आहेस. निघायच्या आदल्या दिवशी त्याला सांग की उद्या मी जाणार. सकाळी पुन्हा सांग. कधी परत येणार तेही सांग, आणि खोटं सांगू नकोस, खाऊ आणायला चालले वगैरे तर मुळीच नाही. रडला तर रडू दे. तू पण रडलीस तरी चालेल.

आबांना हे पटलेलं नाही. "पोरास रडवून जायचं? कंच्या पुस्तकात हाय हे?" असं विचारून त्यांनी माझ्याशी अबोला धरलाय. आयुष्यभर त्यांनी श्रीवर्धन डेपोची एसटी चालवली. निरोप देणारी रडकी तोंडं मागच्या आरशात त्यांनी पुष्कळ बघितली असतील, म्हणूनच बहुतेक त्यांना ती नकोत. आता या घरात माझ्याशी न बोलणारी तू आणि आबा अशी दोन माणसं झाली. आई बोलते, पण तिला सँडल खुराड्यात सापडल्याचा राग आहे.

तू विश्वास ठेव, एवढंच मागते.

मैत्री


१८ एप्रिल

वहिनी, जय भीम.

तुम्ही गेल्यापासून मी या घरची शत्रू आहे. आई मला ताट वाढते ते आपटून. 'शिकलीस म्हणून एवढी कडू झालीस,' असं ती भिंतीला सांगते. आणि मी, खरं सांगू, आतून इतकी आनंदात आहे की मला आपटलेलं ताटही गोड लागतं.

तू माझ्याशी चार दिवसांत मोजकंच बोललीस. मीठ दे, टॉवेल कुठाय, एवढंच. पण तू त्याला सांगितलंस. जयंतीच्या मिरवणुकीत दादाने त्याला खांद्यावर घेतलं होतं, निळा गुलाल लागलेला तो सगळ्यांपेक्षा उंच दिसत होता, आणि मला वाटलं आता ही सांगणार नाही, एवढं छान चाललंय ते मोडायचं हिच्या जिवावर येईल. संध्याकाळी तू त्याचे हातपाय धुतलेस आणि दगडावर बसून म्हणालीस, "सम्या, उद्या सकाळी मी जानार हाय." मी पडवीत होते. तू वाक्य पूर्ण केलंस. तो उठून गेला.

सकाळी काय झालं ते तुझ्यासमोरच झालं. तुझ्या चपला त्याने या खेपेला लपवल्या नाहीत. आणून फेकल्या. एक तुझ्या पायाशी, एक सांडपाण्यात. मग तोंडाचा आ करून जो रडला तो गावदेवीपर्यंत ऐकू गेला असेल. एसटी सुटेपर्यंत तो रडत होता, तू खिडकीत रडत होतीस, छकुली तुला बघून रडत होती. दादा ड्यूटीवर नव्हता म्हणून बिचाऱ्याला कुठे पळता आलं नाही.

पुढचं तुला माहीत नाही. मी त्याला उचलून आणलं. त्याने मला दोन गुद्दे घातले, ते मी खाल्ले. मग त्याने पेज प्यायली. आणि पेज पिता पिता वाटीतूनच विचारलं, "आई परत कवा येनार?"

वहिनी, 'ती' नाही म्हणाला. आई म्हणाला. कोणी ओळख विचारली नव्हती.

मी सांगितलं, मे महिन्यात, शाळांना सुट्टी लागली की. आम्ही दोघांनी भिंतीवर कोळशाने एक एसटी काढली. तुमच्या पत्त्याकडे तोंड केलेली. आईने त्यावरूनही मला ओरडून घेतलं, पण पुसली नाही.

सम्यक रडला तेव्हा आबा आत जाऊन रेडिओ लावून बसले होते.

तुझी,
मैत्री


महिला वसतिगृह, मुंबई
११ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आईने इथे पाठवून दिलं. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं. पत्र मात्र कसलं, तारच आहे. 'मी सुट्टी टाकून वीसला येते, पंधरा दिवस राहीन. एक विचारते, खरं सांग. तो तुला आई म्हणतो का?'

एवढं विचारायला तू जानेवारीपासून थांबलीस ना? भांडण त्या 'अपेक्षित'वरून झालं असं मी समजत होते. मी पण बावळटच.

तो मला मै म्हणतो. आत्या म्हणायला आईने शिकवलं, तो शिकला नाही. पण खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. पौष महिन्यात त्याला ताप होता, मी कपाळावर पट्टी ठेवत होते, तेव्हा तापात दोनदा म्हणाला, आई. मी 'ओ' दिली. आजारी मुलाला काय सुधारत बसायचं, असं मी स्वतःला सांगितलं. पण तेवढंच नव्हतं. मला ते फार आवडलं होतं, वहिनी. पट्टी बदलायचं विसरून मी तिसऱ्यांदा म्हणतो का याची वाट बघत बसले.

त्याच्या जाण्याची तयारी मी एवढी नेटाने का करतेय, असं आमच्या मॅडमनी मला विचारलं होतं. मी मोठं शास्त्रीय उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "आणि तुझं काय?" मी विषय बदलला. आता तुझ्याकडे बदलत नाही. तो जाणार म्हणून मला वाईट वाटतं. सकाळी सँडल शोधायला लागणार नाहीत याचं वाईट वाटतं. पण तो तुझ्याकडे हसत आला तर त्याहून जास्त बरं वाटेल, हे पण खरं आहे, आणि दोन्ही एकदम खरं असू शकतं हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

म्हणून एक ठरवलंय. माझी तोंडी परीक्षा महिनाअखेर आहे, पण मी आत्ताच इथे येऊन राहिले. तू खारशेतला असशील तेव्हा मी तिथे नसेन. मी असले की तो पडला-धडपडला की माझ्याकडे पळतो, सवयच आहे. मी नसले की तुझ्याकडे पळेल. निघताना मी त्याला सांगून निघाले. मै परीक्षेला जाते, तू भरूचला जायच्या आदल्या दिवशी येते. त्याने ऐकून घेतलं आणि स्वतः माझ्या सँडल आणून दिल्या. सरळ जोडीने ठेवल्या. दिघीपर्यंतच्या रिक्षात माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बातमी अशी की श्रीवर्धनला कुटुंब सल्ला केंद्र सुरू होतंय, तिथे समुपदेशक म्हणून मला घेतलंय. गावी ठेवलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम. मनुबाई आत्याने आत्ताच नंबर लावलाय. तिची सून जुलैत मुलाला ठेवून दुबईला जाणार आहे आणि आत्या विचारते, 'त्यास सांगायचं तरी कसं?' म्हणजे माझं कॉलेज सुटलेलं नाही हे तिला पटलं.

पंधरा दिवसांत त्याच्यावर पाखर घालून बसू नकोस. तुझं काम कर, त्याला आजूबाजूला असू दे. पडला तर लगेच धावू नकोस, फक्त दिसेल अशी उभी राहा.

आणि हो, नंबर उघडलास ते कळलं. तरी मी लिहीनच. फोनवर तू फार लवकर 'बरं बरं' म्हणतेस.

तुझी,
मैत्री


खारशेत
५ जून

प्रिय वहिनी,

पोहोचल्याचा फोन आला. तो तुमच्या इमारतीचा जिना आधार न घेता चढला म्हणालीस तेव्हा मी एकटीच इतकी हसले की आई बघायला आली.

आता तुला जे दिसलं नाही ते लिहिते, कारण तू रिक्षात छकुलीला मांडीवर घेऊन बसली होतीस आणि ती झोपली होती.

मी आदल्या संध्याकाळी आले तेव्हाच मला कळलं होतं. अंगणात पाय ठेवला, सम्यक धावत आला, मला मिठी मारली आणि लगेच सुटून तुझ्याकडे गेला, ढोपराला लागलेलं दाखवायला. ढोपर तुला दाखवलं. मी बॅग घेऊन तिथेच उभी राहिले. तू माझ्याकडे बघितलंस, मी मान हलवली. रात्री तू मला तुझ्या ताटातली तळलेली मांदेली वाढलीस आणि भांडण मिटलं.

सकाळी सगळं तयार होतं. रिक्षा आली, सामान चढलं, आणि आबा कुठे दिसेनात. आई म्हणाली, "त्यास न्हाय बघवायचं. ओढ्यावर गेलाय कलमांस पानी घालाय. निघा तुम्ही, मी सांगीन त्यास." म्हणजे आबा चुकवून गेले. आम्ही सगळे पोराकडे बघत होतो, त्या म्हाताऱ्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. मी सम्यकची तयारी केली, तुझी केली, दोन वर्षं त्या पोराला मांडीवर घेऊन जेवलेल्या माणसाची करायची मला आठवणही झाली नाही.

सम्यक त्याच्या पिशवीवर बसला. "आबांना सांगितलं न्हाय," म्हणाला. तुम्हाला न्यायला आलेल्या दादाने घड्याळ बघितलं. एसटी चुकेल, म्हणाला. आई म्हणाली, पोरास उचला आणि बसवा. आणि तू म्हणालीस, "चुकू दे."

वहिनी, तुझे पाय धरायचे मी त्या वेळी बाकी ठेवले होते. आणि तुला दिसलं की नाही माहीत नाही, त्याने मान वर करून तुझ्याकडे कसं बघितलं ते. तेव्हाच मला कळलं की तो तुमच्याकडे सुखाने नांदेल, आता काळजी नाही.

मग तू रिक्षात बसलीस आणि मी त्याला घेऊन ओढ्याकडे उतरले. आबा एकाच कलमाला पाणी घालत होते. आळं केव्हाच भरून वाहत होतं, त्यांच्या पायाखाली चिखल झाला होता. मागे वळून न बघता म्हणाले, "अरे, गेला न्हाईस अजून? गाडी जाईल ना."

"आबा, खाली बस," सम्यक म्हणाला.

ते बसले. त्याने त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे केलं. "मी जातो आता. आईसंगं. तू न्हाय येत. तू हितंच रानार, आजीला कोन हाय?"

"व्हय," आबा म्हणाले. "व्हय, व्हय." आणि मग त्यांच्याने ते रोखवेना. मी माझ्या बापाला रडताना कधी बघितलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हाही नाही. मला काय करावं कळेना. एवढं शिकलेली मी, पण आमचा अभ्यासक्रम मुलाच्या अठराव्या वर्षी संपतो. सम्यक मात्र घाबरला नाही. तो त्यांच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्यांचं रडणं होईपर्यंत थांबला. त्याला घाई नव्हती. मग शर्टाच्या टोकाने त्यांचं तोंड पुसलं आणि विचारलं, "झालं?"

"झालं," आबा म्हणाले.

"मग आता मैला घरी घिऊन जा. हात धर तिचा. ती रडतेय, तिला वाट दिसनार न्हाय."

मी रडत होते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

एवढं सांगून तो वर पळाला, एकटाच, तुझ्याकडे. चढावर एकदा पाय घसरला, पुन्हा उठला. रिक्षाचं इंजिन सुरू झाल्याचं आम्हाला खालून ऐकू आलं. आबांनी बादली तिथेच ठेवली, माझा हात धरला, आणि लहानपणी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडवरून चालत यायचे तशी मी त्यांच्याबरोबर घरी आले.

तुझीच,
मैत्री